संगणक दिसत नाही, पासवर्ड चालत नाही, प्रिंटर जोडला जात नाही: घरच्या नेटवर्कवर बिघाड नेमका कुठे आहे ते कसे ओळखावे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचे समजले असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. घरात विंडोज १० चा एक डेस्कटॉप आहे. त्याला यूएसबी केबलने प्रिंटर जोडलेला आहे आणि त्यावरचा एक फोल्डर घरातल्या सर्वांसाठी शेअर केलेला आहे. जुन्या लॅपटॉपवरून तो फोल्डर उघडतो आणि छपाईही होते. नवा राउटर बसवल्यानंतर काही दिवसांनी तुम्ही विंडोज ११ चा लॅपटॉप घेतला. त्याच्या 'नेटवर्क' खिडकीत डेस्कटॉप दिसत नाही. थेट पत्ता टाकला तर तो नाव आणि पासवर्ड मागतो, पण दिलेला पासवर्ड स्वीकारत नाही. आणि प्रिंटर जोडताना '११बी'ने संपणारा एरर कोड येतो. वरच्या मजल्यावर, जिथे तुम्ही जुना राउटर पुन्हा वापरात आणला आहे, तिथून डेस्कटॉप नावाने अजिबात सापडत नाही. एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे तुम्ही डेस्कटॉपची फायरवॉल (नेटवर्कवरून येणारी वाहतूक अडवणारी व्यवस्था) बंद केली, एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) सुरू केले आणि फोल्डरला 'एव्हरीवन'साठी पूर्ण परवानगी दिली. एवढे करूनही काही बदलले नाही, तेव्हा आता कोणते सेटिंग राहिले, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते हा एका सेटिंगचा प्रश्नच नाही. तुम्ही वर्णन केलेल्या तक्रारी किमान चार वेगवेगळ्या कारणांनी होतात आणि त्या एकाच वेळी समोर आल्यामुळे एकच वाटत आहेत. दुसऱ्या संगणकावरचा फोल्डर उघडताना पुढील गोष्टी क्रमाने घडाव्या लागतात: आपला संगणक त्या संगणकापर्यंत पोहोचला पाहिजे, तिथे फाइल शेअरिंगची सेवा उत्तर देत असली पाहिजे, आपली ओळख तिथे पटली पाहिजे आणि शेवटी त्या ओळखीला त्या फोल्डरची परवानगी असली पाहिजे. 'नेटवर्क' खिडकीत संगणक दिसणे या साखळीत कुठेच येत नाही. एखाद्याचा नंबर डिरेक्टरीत छापलेला नसला तरी तो माहीत असल्यास फोन लागतोच, तसेच हे आहे. तुमच्या लॅपटॉपला पासवर्ड विचारला जातो, याचाच अर्थ तो डेस्कटॉपपर्यंत पोहोचला आहे आणि तिथली सेवा उत्तर देत आहे. म्हणजे तुम्ही केलेल्या तीन बदलांपैकी एकही, जिथे अडले आहे त्या टप्प्याशी संबंधित नव्हता.

म्हणून पहिले काम म्हणजे ते तिन्ही बदल मागे घेणे. यात सुरक्षेचा मुद्दा आहेच, पण त्याआधी निदानाचा मुद्दा आहे. जुना लॅपटॉप व्यवस्थित चालतो, हा आपल्या हातातला सर्वांत मोलाचा पुरावा आहे. परंतु फायरवॉल बंद असताना तो चालतो यावरून डेस्कटॉपचे शेअरिंग नीट मांडलेले आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. फायरवॉल पुन्हा सुरू करा आणि त्यानंतर जुन्या लॅपटॉपवरून फोल्डर उघडतो का ते पाहा. उघडला, तर डेस्कटॉपच्या फायरवॉलचा विषय तिथेच संपला. नाही उघडला, तर डेस्कटॉपवर नव्या राउटरचे नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदले गेले असण्याची शक्यता मोठी आहे. विंडोज नेटवर्क ओळखते ते मुख्यतः राउटरवरून. राउटर बदलला की वाय-फायचे नाव आणि पासवर्ड तेच ठेवले तरी विंडोजच्या दृष्टीने ते नवे नेटवर्क ठरू शकते आणि जुन्या नेटवर्कला दिलेला 'प्रायव्हेट' हा दर्जा त्याला आपोआप मिळत नाही. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या गुणधर्मांत जाऊन तो दर्जा 'प्रायव्हेट' करावा आणि प्रगत शेअरिंगच्या पानावर 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' सुरू आहे ना ते पाहावे. फायरवॉल बंद करून जे साधायचे असते ते एवढ्यानेच साधते, कारण मग विंडोज स्वतःच आवश्यक तेवढेच दरवाजे आणि तेही फक्त आपल्या स्थानिक नेटवर्कपुरते उघडते.

इथे एक 'पण' आहे. डेस्कटॉपवर किंवा लॅपटॉपवर वेगळे अँटिव्हायरस पॅकेज असेल आणि त्याची स्वतःची फायरवॉल असेल, तर विंडोजमधील दर्जा बदलून भागत नाही. त्या पॅकेजमध्येही घरचे नेटवर्क विश्वासाचे म्हणून नोंदवावे लागते. लॅपटॉपवर व्हीपीएन (सगळी वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारा प्रोग्रॅम) सुरू असेल तर तपासणीपुरते ते बंद ठेवा, कारण अनेक व्हीपीएन प्रोग्रॅम स्थानिक नेटवर्ककडे जाणारी वाहतूक मुद्दाम रोखतात.

आता डेस्कटॉप न दिसण्याबद्दल. पूर्वी 'नेटवर्क' खिडकीतली संगणकांची यादी नेटबायोस या जुन्या नेटवर्क पद्धतीवर चालणारी एक सेवा तयार करत असे आणि ती एसएमबी १ च्या सोबतीने काम करत असे. व्हिडिओमधला सल्ला त्या काळातून आलेला आहे. तेव्हा एसएमबी १ सुरू केल्यावर यादी खरोखरच भरत असे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला तो याच एसएमबी १ मधील एका दोषाचा फायदा घेऊन. मायक्रोसॉफ्टने त्या दोषाची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच दिली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसवलेली नव्हती. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून, नव्याने विंडोज बसवताना एसएमबी १ पूर्वीसारखे सरसकट सोबत येत नाही. त्यानंतर एप्रिल २०१८ च्या १८०३ आवृत्तीतून 'होमग्रुप' ही सोयही काढून टाकण्यात आली. त्यामुळे होमग्रुपविषयीच्या जुन्या सूचना आज शोधत बसण्यात अर्थ नाही. आता यादी भरण्याचे काम 'फंक्शन डिस्कव्हरी' नावाच्या सेवा करतात. डेस्कटॉपने आपले अस्तित्व जाहीर करावे यासाठी त्यावर 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा चालू असावी लागते, आणि लॅपटॉपला ते ऐकू यावे यासाठी त्यावर 'फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट' चालू असावी लागते. दोन्हीकडे नेटवर्क 'प्रायव्हेट' आणि 'नेटवर्क डिस्कव्हरी' सुरू असेल तर बहुधा एवढ्याने काम होते. डेस्कटॉपवरची सेवा पुन्हा पुन्हा बंद पडलेली आढळली तर तिचा प्रारंभ 'ऑटोमॅटिक' करावा. नवा लॅपटॉप पहिल्यांदा वाय-फायला जोडताना त्यावर 'पब्लिक' हाच दर्जा लागला असणार. तेवढा बदलला तरी तुमची पहिली तक्रार कदाचित दूर होईल.

मात्र ही यादी भरावी म्हणून फार वेळ घालवू नका. मी स्वतः कोणाच्याही घरी गेलो तरी त्या खिडकीकडे शेवटी पाहतो. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि त्यापुढे डेस्कटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकडी पत्ता, डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' या आज्ञेने दिसतो), उदाहरणार्थ \\१९२.१६८.१.२०, असे टाकून फोल्डर उघडत असेल तर त्याला नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडून घ्यावे आणि यादी विसरून जावी. पत्त्याने उघडतो पण नावाने उघडत नाही, अशी स्थिती असेल तर दोष फक्त नाव शोधण्यात आहे. त्यावर सर्वांत टिकाऊ उपाय असा की राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या) विभागात डेस्कटॉपसाठी एक पत्ता राखून ठेवावा, म्हणजे तो बदलणार नाही, आणि जोडणी त्या पत्त्यानेच करावी. राउटर बदलल्यावर पत्त्यांची मालिकाही अनेकदा बदलते. जुन्या पत्त्याने बनवलेले शॉर्टकट त्यामुळे निकामी होतात, हे वेगळे सांगायला नको.

वरच्या मजल्याची गोष्ट निराळी आहे आणि ती पासवर्ड किंवा परवानगीशी अजिबात संबंधित नाही. खाली आणि वर, दोन्ही ठिकाणी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा देऊन लॅपटॉपचा पत्ता आणि 'डिफॉल्ट गेटवे', म्हणजे राउटरचा पत्ता, लिहून घ्या. खाली पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत असेल आणि वर १९२.१६८.० ने, तर तुमचा जुना राउटर अजूनही राउटर म्हणूनच काम करत आहे आणि त्याने आपल्या मागे एक स्वतंत्र नेटवर्क उभे केले आहे. अशा रचनेत इंटरनेट दोन्हीकडे उत्तम चालते, त्यामुळे सगळे ठीक आहे असा समज होतो. परंतु संगणक आपले अस्तित्व जाहीर करण्यासाठी जे संदेश पाठवतात ते राउटर ओलांडत नाहीत. म्हणून वरून खालचे काही दिसत नाही, नावेही सापडत नाहीत. गंमत अशी की वरून खालच्या डेस्कटॉपचा आयपी पत्ता थेट टाकला तर तो बऱ्याचदा उघडतो, कारण बाहेर जाणारी वाहतूक जुना राउटर स्वतःच्या पत्त्याने पुढे पाठवतो. उलट दिशेने मात्र खालून वरच्या संगणकापर्यंत जाता येत नाही. एका दिशेने चालणारे शेअरिंग हे या रचनेचे जवळजवळ खात्रीचे लक्षण आहे.

उपाय म्हणजे जुन्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' या प्रकारात चालवणे, म्हणजे तो वेगळे नेटवर्क न करता नव्या राउटरचेच नेटवर्क पुढे पुरवतो. त्याच्या सेटिंगमध्ये तसा पर्याय असेल तर तो निवडावा. नसेल तर त्याला नव्या राउटरच्या मालिकेतला, पण कोणालाही वाटला न जाणारा पत्ता द्यावा, त्याची डीएचसीपी सेवा बंद करावी आणि नव्या राउटरकडून येणारी केबल त्याच्या 'वॅन' (इंटरनेटकडच्या) ऐवजी 'लॅन' (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टमध्ये लावावी. यानंतरही वर अडचण राहिली तर लॅपटॉप 'गेस्ट' वाय-फायला जोडलेला नाही ना आणि राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' किंवा तशा नावाचे, उपकरणांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारे सेटिंग सुरू नाही ना, हे पाहावे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मात्र लॅपटॉपला कोणत्याच राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. अशा वेळी शेअरिंगचा विचार बाजूला ठेवून आधी ती जोडणी दुरुस्त करावी.

पोहोचण्याची खात्री करायला बहुतेक लोक 'पिंग' ही दुसऱ्या संगणकाला हाक मारून उत्तर येते का ते पाहणारी आज्ञा वापरतात. पिंगला उत्तर आले तर चांगलेच, पण उत्तर न आल्याने काही सिद्ध होत नाही, कारण विंडोजची फायरवॉल 'पब्लिक' नेटवर्कवर पिंगला सहसा उत्तर देऊ देत नाही. त्यापेक्षा लॅपटॉपवर पॉवरशेल ही विंडोजची आज्ञा देण्याची खिडकी उघडून 'टेस्ट-नेटकनेक्शन' या आज्ञेने डेस्कटॉपचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे वाहतुकीचे क्रमांकित दार, तपासावे. आजचे विंडोज फाइल शेअरिंग याच पोर्टवर चालते. तिथे 'ट्रू' आले की नेटवर्क, राउटर आणि फायरवॉल हे तिन्ही संशयाबाहेर गेले, मग पुढचा सारा शोध ओळख आणि परवानगी यांपुरताच राहतो.

आणि खरी अडचण तिथेच आहे, असे मला वाटते. तुम्ही एखादा शेअर केलेला फोल्डर उघडता तेव्हा विंडोज काही न विचारता प्रथम तुमच्या लॅपटॉपवरचेच वापरकर्तानाव आणि पासवर्ड समोरच्या संगणकावर वापरून पाहते. दोन्ही संगणकांवर त्याच नावाचे आणि त्याच पासवर्डचे खाते असेल तर दार निमूट उघडते आणि पासवर्ड विचारला गेला होता हे कळतही नाही. जुना लॅपटॉप चालतो तो बहुधा याच कारणाने, किंवा पूर्वी कधीतरी जतन केलेल्या पासवर्डमुळे. म्हणून तो चालतो म्हणजे नव्या माणसालाही आत येता येईल, असा अर्थ काढता येत नाही. दुसरी शक्यता अशी की डेस्कटॉपवर 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद आहे आणि जुना लॅपटॉप 'गेस्ट' म्हणून, म्हणजे पासवर्डशिवाय, आत येतो. हा मार्ग आता हळूहळू बंद होत चालला आहे. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत 'प्रो' वापरणाऱ्यांसाठी गेस्ट म्हणून जोडणे मुळातच बंद ठेवलेले आहे, आणि तसा प्रयत्न केल्यास तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे प्रवेश रोखला आहे अशा अर्थाचा संदेश येतो. घरातल्या खासगी लॅपटॉपवर 'संस्था' कुठून आली, या प्रश्नाने अनेक जण चक्रावतात. तो संदेश केवळ कार्यालयीन भाषेत लिहिलेला आहे, एवढेच. तुमच्या लॅपटॉपवर 'होम' आहे की 'प्रो', हे तुम्ही लिहिलेले नाही. पण सुदैवाने उपाय दोन्हींसाठी एकच आहे.

तुम्ही पासवर्डच्या चौकटीत नेमके काय टाकत आहात, हे मला महत्त्वाचे वाटते. डेस्कटॉप सुरू करताना जो चार किंवा सहा आकडी पिन टाकता तोच इथे दिला असेल, तर तो कधीही चालणार नाही. पिन फक्त त्याच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून तो वापरता येत नाही. डेस्कटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश होत असेल तर वापरकर्तानाव म्हणून पूर्ण ईमेल पत्ता आणि पासवर्ड म्हणून त्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो. इथेही एक अवघड जागा आहे: डेस्कटॉपवर सुरुवातीपासून फक्त पिनच वापरला असेल तर त्या यंत्राला तो खरा पासवर्ड कधी कळलेलाच नसतो आणि बरोबर पासवर्डही नाकारला जातो. डेस्कटॉपवर एकदा पिनऐवजी पासवर्डने साइन-इन केल्यावर हे सुटू शकते. आणि ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्या खात्याने नेटवर्कवरून प्रवेश करता येत नाही. रिकामा पासवर्ड विंडोज फक्त त्या यंत्रासमोर बसलेल्या माणसासाठीच ग्राह्य धरते.

या सगळ्या शक्यता एकेक करून तपासण्यापेक्षा मी बहुतेक घरांत एक साधा मार्ग घेतो. डेस्कटॉपवर शेअरिंगसाठी एक वेगळे स्थानिक खाते तयार करतो, म्हणजे मायक्रोसॉफ्ट खात्याशी न जोडलेले, प्रशासकाचे अधिकार नसलेले आणि बऱ्यापैकी लांब पासवर्ड असलेले. 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' सुरू करतो आणि फोल्डरची परवानगी 'एव्हरीवन'ला न देता याच खात्याला देतो. मग प्रत्येक लॅपटॉपवर चौकटीत आधी डेस्कटॉपचे नाव, मग उलटी तिरपी रेघ आणि मग त्या खात्याचे नाव असे लिहून पासवर्ड टाकतो व लक्षात ठेवण्याची खूण करतो. डेस्कटॉपचे नाव पुढे लिहिल्यामुळे कोणत्या यंत्रावरचे खाते अभिप्रेत आहे याबद्दल गोंधळ राहत नाही. यापुढे घरातल्या कोणी आपला पासवर्ड बदलला, पिन बदलला किंवा मायक्रोसॉफ्ट खाते सोडले तरी शेअरिंगवर परिणाम होत नाही.

हे करण्यापूर्वी नव्या लॅपटॉपवर 'क्रेडेन्शियल मॅनेजर' (जतन केलेल्या पासवर्डांची जागा) उघडून 'विंडोज क्रेडेन्शियल्स'मध्ये डेस्कटॉपच्या नावाने किंवा पत्त्याने असलेल्या जुन्या नोंदी काढून टाका. चुकीचा पासवर्ड एकदा जतन झाला की विंडोज तोच पुन्हा पुन्हा पाठवत राहते. शिवाय एकाच संगणकाशी एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडणी करता येत नाही. तसे झाल्यास १२१९ क्रमांकाची त्रुटी येते. 'नेट यूज' या आज्ञेने चालू जोडण्यांची यादी पाहून त्या तोडाव्यात, किंवा सरळ लॅपटॉप रीस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न करावा. त्रुटिक्रमांक नेहमी लिहून ठेवावेत, कारण ते टप्पा सांगतात: ५३ आला तर पोहोचण्याची किंवा नावाची अडचण आहे, ८६ किंवा १३२६ आला तर पासवर्डची, आणि ५ आला तर ओळख पटलेली आहे पण परवानगी नाही.

परवानगीबद्दल थोडक्यात सांगतो. शेअर केलेल्या फोल्डरवर दोन प्रकारच्या परवानग्या लागू होतात, एक 'शेअरिंग' टॅबमधली आणि दुसरी 'सिक्युरिटी' टॅबमधली. नेटवर्कवरून येणाऱ्याला त्या दोहोंपैकी जी अधिक कडक असेल तीच मिळते. तुम्ही 'एव्हरीवन'ला पूर्ण परवानगी दिली ती बहुधा पहिल्या टॅबमध्ये. दुसऱ्या टॅबमध्ये नाव नसेल तर ती कुचकामी आहे. फोल्डर उघडतो पण फाइल जतन होत नाही, या तक्रारीचे मूळ जवळजवळ नेहमी इथेच सापडते. काही फाइल उघडतात आणि काही उघडत नाहीत असे झाले तर त्या फाइल त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरमधून 'कट' करून आणलेल्या आहेत का ते पाहा. अशा फाइल अनेकदा आपल्या जुन्या परवानग्या सोबत घेऊन येतात, तर 'कॉपी' केलेल्या फाइल नव्या जागेच्या परवानग्या घेतात.

एसएमबी १ बंद करताना एकच अपवाद विचारात घ्या. घरात जुने नेटवर्क स्टोरेज किंवा स्कॅन केलेले पान थेट फोल्डरमध्ये पाठवणारे जुने बहुउद्देशी प्रिंटर असेल, तर त्यांना कदाचित एसएमबी १ शिवाय दुसरे काही येत नसेल. त्यासाठीही मी ते सुरू ठेवण्याच्या बाजूने नाही. आधी त्या उपकरणाचे फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्रॅम) अद्ययावत करून पाहावे. तेवढ्याने जमले नाही तर स्कॅन ईमेलने किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावे.

इथपर्यंत केले की फोल्डर नव्या लॅपटॉपवर उघडायला हवा. प्रिंटरकडे त्यानंतरच वळावे, कारण शेअर केलेला प्रिंटरही त्याच ओळखीच्या आधारावर जोडला जातो. फोल्डर उघडत नसताना प्रिंटरशी झटापट करणे व्यर्थ आहे.

तुम्हाला आलेला '११बी' हा कोड ओळखीचा आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात विंडोजच्या छपाई यंत्रणेतील 'प्रिंटनाइटमेअर' नावाने गाजलेला दोष उघड झाला आणि त्यानंतर मायक्रोसॉफ्टने छपाईच्या नियमांत बरेच बदल केले. त्या ऑगस्टपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) दुसऱ्या संगणकावरून घेऊन बसवण्यास प्रशासकाची परवानगी लागू झाली. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर प्रिंटर असलेला संगणक आणि छापणारा संगणक यांच्यातील संभाषण अधिक कडक सुरक्षेने व्हावे अशी अट आली आणि ज्या जोड्यांना ती पाळता आली नाही त्यांना हा कोड दिसू लागला. इंटरनेटवर याचा सर्वाधिक सांगितला जाणारा उपाय म्हणजे डेस्कटॉपच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या संग्रहात) एक नोंद करून ती अट रद्द करणे. त्याने छपाई सुरू होते, हे खरे आहे. पण त्यामुळे सुरक्षेसाठी केलेली दुरुस्तीच रद्द होते आणि ती नोंद नंतर काढायची कोणाला आठवत नाही. म्हणून मी ती सुचवणार नाही.

त्याऐवजी दोन्ही संगणकांवरील सर्व अपडेट आधी पूर्ण करा. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे डेस्कटॉपचा विचार तुम्हाला तसाही करावा लागेल. एवढ्याने भागले नाही तर पुढील मार्ग बहुतेक वेळा चालतो. नव्या लॅपटॉपवर प्रिंटरच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून मूळ ड्रायव्हर उतरवून बसवा. मग प्रिंटर जोडताना यादीत शोधत न बसता हाताने जोडण्याचा पर्याय निवडा, स्थानिक प्रिंटर म्हणा, नवा 'लोकल पोर्ट' तयार करा आणि पोर्टचे नाव म्हणून डेस्कटॉपचे नाव व प्रिंटरचे शेअरनाव असलेला पूर्ण मार्ग टाका. शेवटी आधीच बसवलेला ड्रायव्हर निवडा. अशा जोडणीत ड्रायव्हर डेस्कटॉपकडून मागवला जात नाही आणि ज्या संभाषणात अडथळा येत होता ते टळते. शेअरनाव लहान, एका शब्दाचे ठेवलेले बरे. लांब आणि मोकळ्या जागा असलेल्या नावांनी विनाकारण त्रास होतो. नव्या लॅपटॉपमध्ये एआरएम प्रकारचा प्रोसेसर असेल तर मात्र त्याच प्रकारचा ड्रायव्हर लागतो, आणि जुन्या प्रिंटरसाठी तो उपलब्ध नसणे अगदी शक्य आहे. लॅपटॉपच्या 'सिस्टिम' माहितीत प्रोसेसरचा प्रकार लिहिलेला असतो. तो आधी पाहून घ्या.

तरीही, तुमच्या प्रिंटरला केबलचे नेटवर्क पोर्ट किंवा वाय-फाय असेल तर मी डेस्कटॉपला या साखळीतून पूर्णपणे बाहेर काढेन. प्रिंटर थेट राउटरला जोडला की तो शेअर करण्याचा प्रश्नच उरत नाही. डेस्कटॉप बंद असला तरी छपाई होते आणि २०२१ नंतरचे हे सर्व नियम मार्गात येत नाहीत. अनेक घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय ओळखतात, तेव्हा राउटरवर तो बँड सुरू हवा. राउटरमध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवावा आणि लॅपटॉपवर तो 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट'ने जोडावा. नेटवर्कवरचा प्रिंटर आपोआप शोधताना विंडोज आपण होऊन जे 'डब्ल्यूएसडी' पोर्ट बनवते ते सोयीचे असते, पण प्रिंटर चालू असतानाही 'ऑफलाइन' दाखवण्याच्या तक्रारी मी त्याच्या बाबतीत जास्त पाहतो. टीसीपी/आयपी पोर्टवरही 'ऑफलाइन' दिसले तर पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस' ही खूण काढून पाहावी. काही प्रिंटर त्या चौकशीला नीट उत्तर देत नाहीत आणि विंडोज त्यांना बंद समजते.

यूएसबीशिवाय प्रिंटरला काहीच नसेल तर डेस्कटॉप जागा असणे अपरिहार्य आहे. कधी छपाई होते आणि कधी नाही, किंवा सकाळी चालणारा फोल्डर दुपारी सापडत नाही, अशा अधूनमधून होणाऱ्या तक्रारींत मी सर्वांत आधी डेस्कटॉपच्या 'स्लीप'ची वेळ पाहतो. डेस्कटॉप झोपला की फोल्डरही नाही आणि प्रिंटरही नाही. ज्या वेळेत घरात काम चालते तेवढ्या वेळेपुरती तरी 'स्लीप' बंद ठेवावी. पडदा बंद होण्याची वेळ वेगळी असते, ती हवी तेवढी कमी ठेवा.

एका परिस्थितीत यातले बरेच लागू होणार नाही. नवा लॅपटॉप तुमच्या कार्यालयाने दिलेला असेल तर स्थानिक शेअरिंग, गेस्ट प्रवेश आणि ड्रायव्हर बसवणे हे सर्व त्यांच्या धोरणाने ठरलेले असते आणि घरी बसून ते बदलता येत नाही, बदलूही नये. तिथे नेटवर्कवरचा स्वतंत्र प्रिंटर आणि पेन ड्राइव्ह, हाच व्यवहार्य मार्ग राहतो.

एवढे करूनही अडले तर पुन्हा लिहा, पण सोबत पुढील माहिती द्या: लॅपटॉपवरील विंडोजची आवृत्ती आणि ती 'होम' आहे की 'प्रो'; खाली आणि वर असताना लॅपटॉपचे आयपी पत्ते; ४४५ पोर्टच्या तपासणीचा निकाल; फायरवॉल पुन्हा सुरू केल्यावर जुन्या लॅपटॉपचे काय झाले; पत्ता टाकून उघडताना आलेला संदेश जसाच्या तसा, त्रुटिक्रमांकासह; आणि प्रिंटरचे मॉडेल. पासवर्ड किंवा ईमेल पत्ता मात्र इथे लिहू नका.